आपोआप आलेलं कडवं

माझा भाऊ विस्तिन जागच्या जागी गाणं रचण्यात तरबेज आहे, असं बेटावरच्या आमच्या अख्ख्या झेय्तून गावात बोललं जायचं, आणि मी काउंटरमागे ग्लास पुसत गप्प राहायचे. रविवारी माझ्या बारमध्ये तो जी कडवी म्हणायचा, त्यातली निम्मी मी आदल्या दिवशी ऐकलेली असायची. शनिवारी तो आपली बस धुताना ती पुटपुटायचा. चाकावर पाणी मारायचा, दोन ओळी म्हणायचा, परत पाणी मारायचा. मी वर गच्चीत कपडे वाळत घालत असायचे. दुसऱ्या दिवशी तेच कडवं, कपाळाला आठ्या घालून, डोळे छताला लावून, आत्ताच सुचल्यासारखं म्हणताना त्याला बघितलं की मला हसू यायचं आणि मागोमाग लाजही वाटायची. सख्खा भाऊ पडला. कोणाला सांगणार?

आमच्याकडे याला सरळसरळ चोरीच समजतात. आमच्या सवाल-जवाबाच्या गाण्याचं नावच मुळी स्पिर्तू प्रोन्त. हजर जीव, असा त्याचा अर्थ. समोरच्याने कडवं टाकलं की मध्ये गिटारी वाजतात, तेवढ्या वेळात तुम्ही उत्तर बांधायचं. ते त्याच्या बोलण्याला लागून हवं, दुसरी नि चौथी ओळ जुळायला हवी, शिवी द्यायची नाही आणि घरून काही आणायचं नाही. गाण्याबाहेरही आम्ही हा शब्द वापरतो. मासळीवाल्याने अवाच्या सवा भाव सांगितला आणि एखादी बाई त्याला फाडकन बोलली, तर ते स्पिर्तू प्रोन्त. माझा नवरा, देव त्याला सुखात ठेवो, लग्नात पाद्रीबाबांनी विचारल्यावर 'हो' म्हणायला इतका घुटमळला, की मागच्या बाकावरून माझी आत्या म्हणाली, "याच्याकडे स्पिर्तू प्रोन्त नाही गं, बघ बाई अजून विचार कर." सगळं चर्च हसलं होतं.

नेनूकडे मात्र ते होतं. नेनू म्हणजे विस्तिनचा जोडीदार, म्हणजे गाण्यातला वैरी. आमच्याकडे ते एकच. पोरवयापासून दोघं एकमेकांसमोर उभे राहून गात आले. नेनूने जन्मभर दगडाच्या खाणीत काम केलं, म्हणून सगळे त्याला दगड्या म्हणायचे. दिसायलाही तसाच, चौकोनी. पण तोंड उघडलं की लोक खुर्च्या पुढे ओढायचे. पुढच्या ओळीत काय येणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं, ते चेहऱ्यावर दिसायचं. आपल्याच यमकावर तो स्वतः आधी हसायचा.

खाणीतली कटर यंत्रं माणसाला काय काय देतात ते आमच्या गावाला माहीत आहे. मला प्रथम शंका आली ती साध्या गोष्टीवरून. मी त्याच्याकडे पाठ करून कॉफी ओतत विचारलं, साखर किती, आणि तो उत्तरच देईना. वळून विचारलं तर लगेच म्हणाला, "नेहमीचीच की." असं वरचेवर होऊ लागलं. मग माझ्या लक्षात आलं की गाताना तो विस्तिनच्या तोंडावरची नजर हलवत नाही. आणि त्याच सुमाराला विस्तिनने मिशा काढल्या. इतक्या वर्षांच्या झुपकेदार मिशा. बारमध्ये त्याची यथेच्छ टर उडवली गेली. कोणी म्हणालं, विधवा गाठली असेल. कोणी म्हणालं, बसच्या पंख्यात अडकल्या. तो हसून सोडून द्यायचा.

घरी आल्यावर मी त्याला धरलं. "नेनूसाठी काढल्यास ना?"

त्याने आधी कानावर हात ठेवले. मग म्हणाला, "चेट्टा, सांता कातारिनाची शपथ घे, कोणाला बोलणार नाहीस. त्याला आता काहीसुद्धा ऐकू येत नाही. गिटारी त्याला टेबलावर हात ठेवून कळतात. मी समोर उभा राहतो आणि शब्द नीट फोडून म्हणतो, म्हणून चालतंय."

"आणि हे सोडून का देत नाही तो?"

"सोडून दिलं तर राहिलं काय? मला म्हणाला, गाणं सुटलं की मी नुसता एक बहिरा म्हातारा."

त्या दिवशी मला माझा भाऊ फार आवडला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तो वाईट माणूस आहे असं कोणालाही वाटेल. तीनेक वर्षं त्याने ते सांभाळलं. नेनूशी बोलताना कधी तोंड फिरवलं नाही, गाताना बाटली तोंडाला लावली नाही, खोकला आला तरी हात आड धरायच्या आधी कडवं पुरं केलं. दुसरा कोणी एवढं करणार नाही, आणि ते कोणाला कळूही दिलं नाही.

तो रविवार वसंतातला होता. दहाची प्रार्थना संपली आणि बार भरला. टेबलांवर बिजिल्ल्याच्या वाट्या, म्हणजे लसूण घालून वाटलेले वाल, आणि पाव. गिटारवाला फ्रेडू त्याचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन आला होता. तेव्हा प्रत्येक बारमध्ये कोणी ना कोणी तरी गाणी टेप करायचा आणि त्या कॅसेट गावोगाव फिरायच्या. दुसरी जोडी गाऊन बसली. मग हे दोघं उभे राहिले. विषय विस्तिनच्या बसवर आला. तो नेहमी येतोच, कारण ती बस आमच्या बापाच्या वयाची आहे. नेनूने रुमाल मनगटाला गुंडाळला आणि म्हणाला,

चढावरती बस थांबते,
विस्तिन कपाळ पुसतो;
म्हाताऱ्या उतरून ढकलतात,
हा आत गाणी रचत बसतो.

लोक हसले. तसं त्यात काही नव्हतं. 'तू घरून रचून आणतोस' हा टोमणा सगळेच सगळ्यांना मारतात, मीठ टाकावं तसा. पण विस्तिनचा चेहरा मी पाहिला. तो पांढरा पडला होता. इतरांसाठी ती थट्टा होती, त्याच्यासाठी ते खरं होतं. त्याला वाटलं, नेनूने सगळ्यांसमोर उघडं पाडलं. मागून एक जण ओरडला, "काय रे विस्तिन, आजचं कुठल्या स्टॉपवर केलंस?" परत हशा. गिटारी वाजत होत्या आणि विस्तिनकडे घरून आणलेलं एकही कडवं या प्रश्नाला लागू पडणारं नव्हतं. मला त्याची कीव आली. वाटलं, आता याची फजिती होणार.

तेवढ्यात तो लोकांकडे वळला. नेनूच्या बाजूला त्याचा गाल आणि कान राहिला. आणि तो म्हणाला,

गाणी रचतो बसमध्ये मी,
नेनू सांगे ताठ मान;
डोळे त्याचे माझ्या ओठी,
खाणीत राहिले दोन्ही कान.

बार कोसळायचा बाकी राहिला. लोक टेबलं बडवत होते. एवढं नेटकं, एवढं धारदार कडवं विस्तिनने जन्मात म्हटलं नव्हतं, आणि आधी घोकलेलं नव्हतं हे मला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. ज्यांना अर्थ कळला ते हसले आणि ज्यांना नीट कळला नाही तेही हसले. नेनूसुद्धा हसत होता. लोक हसतायत म्हणजे काहीतरी चांगलं पडलंय, एवढं त्याला दिसलं. तो विस्तिनचं तोंड शोधत होता आणि त्याला नुसता गाल दिसत होता.

गिटारींचं मधलं वाजवणं संपलं. फ्रेडूने मान हलवून खूण केली. आता नेनूला उत्तर देणं भाग होतं. विस्तिन नेहमी काय म्हणतो याचा त्याने अंदाज बांधला असावा. बसवर बोललं की विस्तिन म्हणतो, माझी बस वाऱ्यासारखी पळते. नेनू छाती पुढे काढून गायला,

हसू दे यांना, विस्तिन लेका,
ऐकलं मी तुझं सगळं;
पळते म्हणतोस बस जर तुझी,
तिला ढकलतंय कोण वेगळं?

सुरुवातीला दोघं-तिघं हसले. मग ते थांबले. 'ऐकलं मी तुझं सगळं' हे शब्द तसेच हवेत लटकून राहिले आणि बारमधला प्रत्येक जण आपापल्या ग्लासात बघायला लागला. ज्यांना मघाशी कळलं नव्हतं त्यांना आता कळलं. कडव्याची गोष्ट खरी आहे हे नेनूने स्वतःच्या तोंडाने सिद्ध करून दिलं होतं, तेही इतक्या ऐटीत. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खिडकीजवळ बसलेल्या एकाने नकळत स्वतःच्या कानाला हात लावला, आणि नेनूने ते पाहिलं.

तो विस्तिनकडे गेला नाही. माझ्याकडे आला, काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"चेट्टा, काय म्हणाला तो?"

"काही नाही रे. नेहमीचंच."

"इकडे बघून सांग."

मी इकडे तिकडे बघितलं. कोणी मदतीला येईना. विस्तिन गिटारींपाशी उभा होता, मान खाली घालून. मग मी सांगितलं. आवाज काढला नाही, तेवढी तरी लाज राखली. नुसते ओठ हलवले, एकेक शब्द सुटा करून. पाव दुकानात मागावा तसं ते सगळं कडवं मी त्याच्या तोंडावर परत म्हटलं. तो लक्ष देऊन वाचत होता. 'मान'ला त्याने मान हलवली, 'कान'ला हलवली.

"छान बांधलंय," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्यांना ऐकू गेलं. "एवढं चांगलं त्याला कधी जमलं नव्हतं." मनगटाचा रुमाल सोडून घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर पडला.

आमच्याकडे शेवटी एकेक समेटाचं कडवं म्हणायचं असतं, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून. त्याने सगळं बोललेलं धुऊन निघतं, मग कोणी राग धरायचा नाही. ते म्हटल्याशिवाय कोणी उठत नाही. पाय मोडला तरी बसून म्हणतात. फ्रेडू बराच वेळ तीच तार वाजवत राहिला, नेनू परत येईल म्हणून. मग रेकॉर्डर बंद केला.

दुपारी विस्तिन माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. मी परात घासत होते, ती हातातून सोडली नाही.

"चेट्टा, मी ठरवलं नव्हतं. खरंच. ते आपोआप आलं."

"कडवं आपोआप आलं?"

"हो."

"आणि मान? तीही आपोआप फिरली?"

मी परात आपटली. "तीन वर्षांत तू त्या माणसासमोर कधी तोंड फिरवलं नाहीस. आज बरोबर त्याच वेळी फिरवलंस. पहिला शब्द बोलायच्या आधी फिरवलंस. मी बघितलं."

"त्याला कळू नये म्हणून," तो म्हणाला. "तोंडात काय आलंय ते मला कळलं होतं. थांबवता येईना. म्हटलं निदान त्याला तरी कळू नये."

"म्हणजे गावाला कळलं तर चालेल."

त्यावर तो खाली बसला, तसाच ओल्या फरशीवर. मला त्याचा राग येत होता आणि मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते, कारण लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर तो असाच बसायचा.

त्यानंतर ते कडवं बेटभर झालं. फ्रेडूने कॅसेट एकाला दिली, त्याने दुसऱ्याला. विस्तिनच्या बसमध्ये चढताना लोक तिकिटाऐवजी ते म्हणायचे. शाळेतली पोरं एकमेकांना ओरडायची, खाणीत राहिले का रे कान. लोक विस्तिनची पाठ थोपटायचे, हे खरं स्पिर्तू प्रोन्त, म्हणायचे. तो काय म्हणायचा? "आपोआप आलं हो." दुसरं काही सुचायचंच नाही त्याला. आणि ते खोटंही नव्हतं. घोकलेल्या कडव्यांवर जन्मभर वाहवा घेतली तेव्हा त्याला काही झालं नाही. आता एकदाच खरं निघालं, तर वाहवा झाली की तो घाम पुसायचा.

राजधानीतून, व्हॅलेट्टाहून, एक मास्तर आले, सिन्योर कारबॉट. रेडिओवर जुन्या शब्दांवर बोलायचे. सज्जन माणूस, हातात टोपी धरून उभे राहिले. म्हणाले, स्पिर्तू प्रोन्त म्हणजे काय हे लोकांना सांगायचंय, आणि त्यासाठी या कडव्याइतकं चांगलं उदाहरण नाही. कवीला भेटता येईल का? कवी माझ्या कोठारात बिअरच्या खोक्यांमागे उभा होता.

"तो बस घेऊन गेलाय," मी म्हटलं.

"बरं, तुम्ही तर इथे होतात. पूर्वतयारी अजिबात नव्हती?"

"नव्हती."

"म्हणजे विचार न करता, एका क्षणात?"

"विचार केला असता तर बरं झालं असतं, मास्तर."

ते हसले. हे वाक्यही त्यांना आवडलं, मला म्हणाले, तुमच्याकडेही आहे की ते. मी त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर विस्तिन बाहेर आला आणि म्हणाला, "रेडिओवर लागलं तर नेनूच्या घरी रेडिओ आहे गं." मी म्हटलं, "असू दे. तो ऐकणार आहे थोडाच." बोलून गेल्यावर माझीच जीभ मला नको झाली. बघा, इतकं सोपं आहे ते. विस्तिनने माझ्याकडे पाहिलं.

रविवारी तो उभा राहायचा आणि काही यायचं नाही. त्याला नवा जोडीदार लावून दिला होता. गिटारी वाजायच्या, तो तोंड उघडायचा, बंद करायचा. प्रत्येक ओळ आधी तपासून बघतोय असं वाटायचं. लोकांनी दोन-तीनदा सांभाळून घेतलं. मग तो उभा राहायचाच बंद झाला.

नेनू बारमध्ये आला नाही. रस्त्यात दिसला तर माझ्याकडे बघून टोपीला हात लावायचा, पण थांबायचा नाही. एका शनिवारी मला बस धुण्याचा आवाज आला आणि पुटपुटणंही आलं. मी गच्चीतून विचारलं, "आता कोणावर?"

"समेटाचं राहिलंय," तो म्हणाला. "ते कडव्यातच म्हणावं लागतं."

"अरे, साध्या तोंडाने माफी माग. जा, उभा राहा, चुकलो म्हण."

"नाही, तसं बंद होत नाही ते." तो हट्टालाच पेटला. कित्येक शनिवार त्या बसने इतकं पाणी खाल्लं की तिचा रंग उडायला आला.

शेवटी संतमेरीच्या जत्रेआधी आम्ही दोघं नेनूच्या घरी गेलो. भर सकाळ होती. नेनू मागच्या अंगणात सशांच्या पिंजऱ्यांपाशी पाला निवडत होता. त्याची बायको विटोर दारात आली. मला म्हणाली, "ये चेट्टा, बस." मग विस्तिनकडे बघून मला विचारलं, "आणि हे कोण? रेडिओवाले का?"

"विटोर, येऊ दे गं त्याला," मी म्हटलं.

तिने आम्हाला आत घेतलं, पण खुर्ची एकच आणली.

नेनूने आम्हाला पाहिलं आणि हातातला पाला खाली ठेवला. विस्तिन त्याच्यासमोर गेला, अगदी बारमध्ये उभा राहायचा तेवढ्याच अंतरावर. तोंड सरळ, उजेडात. त्याने नेनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला,

जीभ माझी सैल, नेनू,
लगाम तोडून सुटली;
तुझ्यावाचून माझ्या गाण्याची
तारच मधली तुटली.

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. विटोरनेही अ‍ॅप्रनच्या टोकाशी चाळा केला. कडवं सुंदर होतं आणि त्याने ते मनापासून म्हटलं होतं.

नेनूने ते शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "किती शनिवार लागले?"

विस्तिनचा हात खांद्यावरून खाली आला.

"मला कधीपासून माहीत आहे," नेनू म्हणाला. रागाने नाही, पाला निवडताना बोलत होता तशाच आवाजात. "तू रचून आणायचास. म्हणून तर तुझे ओठ वाचायला सोपे. घोटून घोटून गुळगुळीत झालेले शब्द असायचे. दुसऱ्या कोणाबरोबर मला जमलंच नसतं. त्या दिवशी मी बोललो ती थट्टा होती, लेका. मी कोणाला सांगितलं असतं होय?"

विस्तिनने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"हेही छान आहे," नेनू म्हणाला. "लगाम, तार. पण हे मला नको. हे तू तुझ्या बसला सांगितलंस आधी." तो एक पाऊल पुढे आला. "त्या दिवशी आपोआप आलं म्हणे. सगळ्या बेटाला सांगतोयस, आपोआप आलं. आलं असेल. मग आता माझ्यासाठी पण येऊ दे. यमक नको, काही नको. जे येईल ते. मी थांबतो."

आणि तो थांबला. हात बाजूला सोडून, डोळे विस्तिनच्या ओठांवर ठेवून, जसा वर्षानुवर्षं बारमध्ये उभा राहायचा तसा. ससे पाला कुरतडत होते. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली, साधी, कोणीही म्हणेल अशी. विटोरने माझा दंड धरला. तिला ते कळलं असावं. मी गप्प राहिले, कारण ती वाक्यं माझी होती आणि नेनूला माझी नको होती.

विस्तिनने तोंड उघडलं. नेनू आणखी थोडा पुढे वाकला, एखादा शब्द निसटू नये म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं वाट बघणं होतं. माझा भाऊ तोंड उघडं ठेवून उभा राहिला, त्याच्या मानेवरून घाम उतरत होता, आणि त्याचे ओठ हलले नाहीत.